तिचा प्रश्न तक्रार म्हणून लिहू नका

प्रश्न : मुलीला दहावीला ८९ टक्के आहेत. तिला आर्ट्‌सला जाऊन राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घ्यायचंय. लोकशाही, हुकूमशाही, भांडवलशाही, साम्यवाद यांच्या व्याख्या पाठ करून पोट भरतं का? मी अकरावी सायन्सचा अर्ज भरून टाकला. त्यावर ती दोन दिवस जेवली नाही. ‘नॉर्वेत राजा आहे, मग तिथे लोकशाही कशी?’ असलं काहीतरी विचारत बसते. जेईईसाठी लातूर बरं की पुणे? – एक पालक, सांगोला

उत्तर : लातूर की पुणे, हे मी सांगणार नाही. तुमच्या पत्रातलं ‘ती दोन दिवस जेवली नाही’ हे वाक्य वाचून मी थांबलो. पुढच्या दोनच ओळींत तुम्ही क्लासची चौकशी केली आहे. पोरगी उपाशी बसते, म्हणजे घरात बोलून उपयोग नाही हे तिला कळून चुकलंय. अर्ज तिचा, दोन वर्षं तिची, आणि पसंतिक्रम मात्र तुम्ही तिला न विचारता भरलात. हे चुकलं तुमचं. काळजीपोटी केलंत हे समजतं मला, तरी चुकलं.

आता तो ‘व्याख्यांचा विषय’. बहुतेक पालकांची समजूत अशी असते की लोकशाही म्हणजेच भांडवलशाही आणि हुकूमशाही म्हणजेच साम्यवाद. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सत्ता कोणाकडे आणि ती बदलायची कशी, हा एक; लोकशाही की हुकूमशाही, हे त्याचं उत्तर. जमीन, कारखाने, तेल कोणाच्या मालकीचं आणि भाव कोण ठरवतं, हा दुसरा; भांडवलशाही की साम्यवाद, हे त्याचं. चीनमध्ये १९४९ पासून एकाच, साम्यवादी पक्षाची सत्ता आहे, पण १९७८ नंतर तिथे बाजार खुला होत गेला आणि खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. चिलीत १९७३ साली लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि त्याच लष्करी राजवटीने मुक्त बाजाराचं धोरण आणलं. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ मध्ये आला, १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली, शब्द आजही तिथेच आहे. आणि तुमच्या मुलीचं नॉर्वे? राजा राष्ट्रप्रमुख आहे, पण कारभार निवडून आलेल्या संसदेला उत्तरदायी असलेलं सरकार चालवतं. बाजार खुला आहे, तरी समुद्रातल्या तेलावर मालकी सरकारची. म्हणजे तिने विचारलंय ते नेमकं आहे. ज्या प्रश्नापासून हा विषय सुरू होतो, तिथे ती स्वतःहून पोचलीय, आणि तुम्ही तो प्रश्न तक्रार म्हणून लिहून पाठवलात.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. तुमच्या सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही सहकारी साखर कारखाना घ्या. मालक सभासद शेतकरी. शेअर कितीही असोत, मत एकच. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, केंद्र सरकार ठरवतं आणि साखर विकली जाते बाजारात. याला भांडवलशाही म्हणायचं की समाजवाद? तिला विचारून बघा. पाठ केलेली व्याख्या इथे कामाला येत नाही, डोकं चालवावं लागतं.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगतो. यूपीएससी, एमपीएससी कोणत्याही शाखेच्या पदवीवर देता येते. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा वेगळी, तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. अर्थशास्त्र शिकवणारी गोखले इन्स्टिट्यूट पुण्यात १९३० पासून आहे.

मात्र एक गोष्ट मी तिलाही बजावून सांगेन : गणित सोडायचं नाही. आर्ट्‌सला गेलं की गणित सुटलं, या आनंदात मुलं ते टाकतात आणि पुढे अर्थशास्त्रात अडतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश घ्यायचा तर गणित लागतंच. आर्ट्‌ससोबत गणित देणारी कॉलेजं कमी आहेत, ती आधी शोधा. ते शोधणं हे तुमचं काम, कारण त्यासाठी चार ठिकाणी फिरावं लागेल.

अर्जात बदल करायची मुदत अजून आहे का, हे आजच बघा. नसेल तर पुढच्या फेरीचं वेळापत्रक काढा. आणि या वेळी पसंतिक्रम भरताना तिला स्क्रीनसमोर बसवा, तुम्ही शेजारी बसा.