सुतारकामाच्या शेडमधला सोबती

या वेळी नागपूर परिसरातल्या लाकूडकाम करणाऱ्या वाचकांचे कुत्र्यांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : लकडगंजला माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. आमचा गावठी कुत्रा दिवसभर माझ्याजवळ असतो. पूर्वी टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची गोल करवत) सुरू झाली की तो पळायचा, आता जागचा हलत नाही. त्याला आवाजाची सवय झाली असं समजू का?

उत्तर : एवढ्यात समजू नका. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. करवतीच्या पात्याचा जो बारीक, किंचाळणारा सूर आपल्या कानांना कळतही नाही, तो त्याला ऐकावा लागतो. शिवाय रंधा मशीन किंवा राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) सहज ९० डेसिबलच्या वर जातो.

पूर्वी पळणारा कुत्रा आता पडून राहत असेल, तर आधी त्याचे कान तपासा. मशीन बंद असताना, तो पाठमोरा पडलेला असताना, त्याच्या बिस्किटांचा पुडा लांबूनच चुरगळा. कान वळला नाही तर डॉक्टरांना दाखवा. कान वळला, तर मशीन सुरू असताना त्याच्याकडे नीट बघा. उगाच जांभया, सारखं ओठ चाटणं, डोक्याला चिकटलेले कान, पोटाखाली ओढलेली शेपूट ही भीतीची लक्षणं आहेत. तुम्हाला सोडून जायचं नाही म्हणून तो सगळं सोसत असतो आणि आपल्याला तो शांत वाटतो.

म्हणून माझा आग्रह एकच : बटण दाबण्याआधी कुत्रा दाराबाहेर. पात्याजवळ हात असताना त्याने पायाला नुसतं अंग घासलं तरी तुमची बोटं जाऊ शकतात. कापायची कामं सकाळी एकदम उरका. मग पटाशी, हातरंधा, मापं घेणं, चौकट जुळवणं चालू असताना तो खुशाल पायाशी बसू दे. खरी सोबत तेव्हाच होते.

प्रश्न : वाडीला पत्र्याचं शेड आहे. मे महिन्यात कूलर लावतो. लॅब्रॅडोरला तिथे ठेवलं तर चालेल का?

उत्तर : दुपारी नको. नागपूरचा मे ४५ अंशांना टेकतो, पत्र्याखाली उकाडा त्याहून जास्त. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, म्हणजे तोंडातला ओलावा उडवून. कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या की हवा दमट होते आणि त्याच्या धापांचा उपयोग होत नाही. समोरची खिडकी उघडी हवीच.

त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं तर तो उष्माघात. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली की अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंख्याखाली घ्या आणि तसंच दवाखान्यात न्या. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर उन्हाळ्यात शेडमध्ये आणूच नका.

प्रश्न : पाच महिन्यांच्या पिल्लाने फेविकॉलचा डबा पाडून थोडं चाटलं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू का? (मानेवाडा)

उत्तर : मिठाचं पाणी अजिबात नको, त्यानेच पिल्लू दगावू शकतं. साधा पांढरा डिंक थोडासा पोटात गेला तर फार तर ओकारी-जुलाब होतात. पाणी ठेवा, दिवसभर लक्ष ठेवा, ओकाऱ्या थांबल्या नाहीत तर दाखवा.

खरी भीती फेसाळून फुगणाऱ्या पॉलियुरेथेन डिंकाची. पोटातला ओलावा लागला की तो फुगतो, कडक गोळा होतो आणि बहुतेकदा ऑपरेशन करूनच काढावा लागतो. तो किंवा थिनर, टर्पेंटाइन पोटात गेलं तर उलटी करवायचीच नाही. गोळा अन्ननलिकेत अडकतो, थिनर फुफ्फुसात उतरतं. वाळवीच्या औषधात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक असेल तर लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात; तेव्हा एक मिनिटही घालवू नका. डबा लेबलसकट सोबत आणा, कारण उपचार त्यावरच ठरतो. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुम्हाला माहीत असेलच; जवळच्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबरही शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा.

स्क्रू झाकणाच्या डब्यात ठेवा. जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू पोटात राहिला तर जस्त रक्तात उतरून तांबड्या पेशी फुटतात. खिळा एक्स-रेत दिसतो, लाकडाची ढलपी सहसा दिसत नाही. म्हणून पिल्लू काय चघळत होतं ते आठवून सांगा.

प्रश्न : आमची कुत्री भुशातच लोळते. चालेल?

उत्तर : हातरंध्याच्या मोठ्या छिलप्यांत लोळली तर फारसं बिघडत नाही. पॉलिश पेपरची आणि एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांची) बारीक धूळ मात्र वाईट. लाकडाची धूळ माणसाच्या नाकात कर्करोग करते हे सिद्ध झालेलं आहे, आणि कुत्रीचं नाक तर जमिनीलाच लागलेलं असतं. झाडताना तिला बाहेर ठेवा, धूळ खाली बसली की ओल्या फडक्याने पुसा, मग आत घ्या. घरी जाताना तिच्या पंजांची बोटं फाकवून बघा, ढलप्या तिथेच रुततात. पॉलिश चिकटलं असेल तर थिनर लावू नका. गोडं तेल चोळून पुसा आणि साबणाने धुवा.