आजोबा कुठल्या एअर इंडियात होते ते आधी ठरवा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली हो. आजोबा टाटांच्या काळापासून एअर इंडियात, १९५१ सालचा डाकोटा विमानाच्या पंखाखाली उभे असतानाचा फोटो, घरच्यांसाठी छोटी पुस्तिका काढायचीय, आणि त्यांच्या नोकरीच्या नोंदीसाठी अर्ज केला तर एका ओळीचं उत्तर की या नावाची नोंद आढळत नाही. वर हा घोळ की कंपनीची स्थापना १९३२ धरायची, ४६ धरायची, ४८ की ५३, कारण जिथे बघावं तिथे वेगळंच साल. अगदी माझीच गोष्ट. फक्त माझ्याकडे आजोबांच्या जागी वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९४५ ला जुहू विमानतळावर फिटर म्हणून लागले ते रिटायर होईपर्यंत हात ग्रीसमध्येच.

जेआरडी टाटा, त्यांचं पुस मॉथ विमान, कराचीहून जुहूपर्यंत पहिलं टपाल, १५ ऑक्टोबर १९३२, एअर इंडियाचा महाराजा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. नसेल तर कुठेही मिळेल.

जे कुठेही धड सापडत नाही ते हे, की १९४८ ते १९५३ या काळात एअर इंडिया एक नव्हती, दोन होत्या. माझी दोन वर्षं या एका गोष्टीपायी वाया गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाटा एअरलाइन्स हे आधी टाटा सन्सचंच एक खातं. २९ जुलै १९४६ ला त्याची पब्लिक कंपनी झाली आणि नाव पडलं एअर इंडिया. नाव ठरवायला टाटांच्या कर्मचाऱ्यांची मतं घेतली होती, पहिल्या फेरीत एअर इंडियाला ६४ आणि इंडियन एअरलाइन्सला ५१. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही कंपनी देशातल्या देशात उडायची, डाकोटा आणि व्हायकिंग विमानं घेऊन. मग ८ मार्च १९४८ ला परदेशी उड्डाणांसाठी वेगळीच कंपनी काढली, एअर इंडिया इंटरनॅशनल, तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं कॉन्स्टेलेशन विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते या दुसऱ्या कंपनीचं. म्हणजे चुलत म्हणा, सख्ख्या म्हणा, पण कंपन्या दोन, आणि लोक बोलताना दोन्हींना एअर इंडियाच म्हणणार.

आता १९५३. युद्धानंतर डाकोटा स्वस्तात मिळत होती, सरकारने लायसन्सं वाटली, आणि जितका धंदा होता त्यापेक्षा कंपन्याच जास्त झाल्या. बहुतेक तोट्यात. न्या. राजाध्यक्षांच्या चौकशी समितीचं मत होतं की राष्ट्रीयीकरणाची घाई नको, पण शेवटी झालंच. १ ऑगस्ट १९५३ पासून देशातल्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन, आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचं वेगळं कॉर्पोरेशन. आणि त्या आठ कंपन्यांमध्ये डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंगा यांच्या रांगेत टाटांची मूळ एअर इंडियासुद्धा होती! म्हणजे १९४६ ला मतदानात हरलेलं नाव सरकारने उचललं आणि जिंकलेल्या नावाची सगळी माणसं त्या नावाखाली गेली. ६४ मतांचं काय झालं देव जाणे.

पुढे १९६२ ला दुसरीच्या नावातलं इंटरनॅशनल गळून पडलं आणि तीच नुसती एअर इंडिया म्हणून राहिली. त्यामुळे आज आपण एअर इंडिया म्हटलं की डोक्यात तीच येते, १९६० ला बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्क गाठणारी, ६२ पर्यंत सगळा ताफा जेटचा करणारी. आणि जुहूच्या चिखलात राबलेली मंडळी, ज्यांच्यामुळे १९३२ हे साल मिरवता येतं, ती कागदोपत्री भलत्याच फाइलीत जाऊन बसलीत. हे माझं मत आहे, कुणी इतिहासाचे अभ्यासक असतील तर त्यांनी दुरुस्त करावं, मी साधा बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे.

आता माझा मूर्खपणा. अण्णा गेल्यावर मीही स्मरणिका काढायला घेतली. त्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड हवं म्हणून एका कार्यालयात अर्ज केला. कुठलं ते लिहीत नाही, विचारू नका आणि अंदाजही बांधू नका. अर्जात मी ठोकून दिलं, "नोकरी: एअर इंडिया, १९४५ पासून निवृत्तीपर्यंत". झालं. पहिलं उत्तर चार महिन्यांनी, नोंद आढळत नाही. प्रत्यक्ष गेलो तर साहेब रजेवर. पुन्हा गेलो तर टेबल बदललेलं, नवीन माणूस म्हणाला जुना अर्ज सापडत नाही नवीन करा, आणि नवीन केला की इनवर्ड नंबर नवीन, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर अण्णांच्या नावाच्या स्पेलिंगवरून परत पाठवलं, तेही स्पेलिंग त्यांनीच आधीच्या पत्रात चुकवलेलं होतं. असं करत करत दोन वर्षं, सात फेऱ्या. माझा राग नोंद नसण्यावर नाहीये. त्या सात फेऱ्यांत एकाही माणसाने एवढं विचारलं नाही की बाबा रे, ते देशातल्या विमानांवर होते का परदेशी? एक प्रश्न. चहा पिता पिता विचारता आला असता.

पण खरं सांगू का, मीही विचारला नव्हता. आमच्या घरात लहान पोराला पण माहीत होतं की अण्णा दोन वर्षं नागपूरला होते. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची सोय होती बघा, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं रात्री नागपूरला यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत. अण्णा सांगायचे की थंडीत कुडकुडत इंजिनं तपासायचो आणि वर टॉर्च धरायला पण माणूस नसायचा. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलेली. लंडनला जाणाऱ्या कंपनीचा फिटर रात्री दोन वाजता नागपूरला कशाला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही म्हणजे कमालच! शेवटी आईच्या ट्रंकेत साडीखाली घातलेल्या कागदांत १९५३ चं पत्र निघालं, आपली सेवा इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे वर्ग करण्यात येत आहे. तोवर स्मरणिका छापून वाटून झाली होती, मुखपृष्ठावर लंडनचं कॉन्स्टेलेशन. अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला, म्हणाले छान झालीय रे, पण या विमानाला तुझ्या बापाने पाना लावला नाही कधी. हसत होते. मला मात्र तीन दिवस जेवण गेलं नाही.

तर तुमच्यासाठी. फोटोत डाकोटा आहे आणि साल १९५१, म्हणजे माझा कौल नव्वद टक्के देशी एअर इंडिया, आणि १९५३ नंतर इंडियन एअरलाइन्स. अर्ज त्या नावाने करा, कंपनीचं नाव काळाप्रमाणे तोडून लिहा: ४६ पर्यंत टाटा एअरलाइन्स, ५३ पर्यंत एअर इंडिया, पुढे इंडियन एअरलाइन्स. पण उलट बाजूने फसू नका हं, घरात कॉन्स्टेलेशनपाशी काढलेला फोटो निघाला म्हणून माणूस इंटरनॅशनलचा असं होत नाही. तीन शेपट्यांचं ते देखणं विमान होतं, त्याच्यापाशी फोटो काढायला अख्खं विमानतळ जायचं. फोटोपेक्षा पोस्टिंगची गावं विचारा. आजी किंवा थोरल्या आत्याला विचारा की बदल्या कुठे कुठे झाल्या, लहानपणी कुठे राहिलात. नागपूर, हैदराबाद निघालं तर देशी, कैरो, जिनिव्हा निघालं तर परदेशी. कार्यालयापेक्षा आत्या बऱ्या.

स्थापनेचं साल म्हणाल तर पुस्तिकेत ३२, ४६, ४८, ५३ अशी चारही द्या, प्रत्येकाला एक ओळ. फक्त १९४८ ला "एअर इंडियाची सुरुवात" म्हणू नका, माझ्या स्मरणिकेत तेच आहे आणि आता खोडता येत नाही.

अजून एक, विषय सोडून आहे पण सांगतो. जुनी पत्रं लॅमिनेट करू नका. माझ्या मेहुण्याने हौसेने अण्णांचं नेमणूकपत्र लॅमिनेट करून आणलं, शाई दोन वर्षांत उडाली आणि आता प्लॅस्टिक काढताही येत नाही. साध्या कागदी पाकिटात ठेवा. आणि पाकिटांवरची तिकिटं सोलू नका, त्यात १९४८ चं १२ आण्याचं कॉन्स्टेलेशनचं तिकीट असेल तर मुंबई-लंडन पहिल्या उड्डाणासाठी काढलेलं ते आहे, पाकिटासकटच राहू द्या. कार्यालयात मूळ कागद देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. झेरॉक्स द्या, पोच घ्या.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली तेव्हा नातेवाइकांचे फोन, अण्णांची कंपनी घरी आली म्हणून. मी म्हणणार होतो की अहो ती ही नव्हे, मग लक्षात आलं की २००७ ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स दोन्ही एकत्र केल्या होत्या, म्हणजे चोपन्न वर्षांच्या वळशाने का होईना अण्णांची फाइल पण त्याच गाठोड्यात गेली असणार. आता ती कुठल्या गोदामात आहे ते मला विचारू नका, माझ्यात आठव्या फेरीचं त्राण नाही.

फोटो पुन्हा एकदा भिंग घेऊन बघा, विमानाच्या अंगावर व्हीटीपासून सुरू होणारी नोंदणीची अक्षरं वाचता येतात का, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलंय का. अण्णांच्या फोटोंमागे गावाचं नाव असायचं. सापडलं तर इथेच टाका, जुन्या डाकोटांची यादी एका निवृत्त काकांकडे आहे, त्यांना दाखवतो.