मेकवॉरियर ५ मर्सिनरीज या गेममध्ये हंचबॅक मेकची (मेक म्हणजे आत बसून चालवायचा लढाऊ रोबो) एसी/२० तोफ काढून लेझर लावू का? सगळ्यात भारी लोडआउट (शस्त्रांची मांडणी) कोणतं?

सगळ्यात भारी लोडआउट कोणतं असं विचारणारा एक माणूस आमच्या घरातच आहे, माझे दाजी, आणि त्यांना हे तोंडावर सांगता येत नाही म्हणून तुला सांगतो भावा. घे ऐकून.

आधी तुझं. तुझ्याकडे ४जी असेल (मोबाइलवालं नाही, हंचबॅकचं मॉडेल) तर त्या जागी लेझर बसणारच नाहीत, उजव्या खांद्यावरचा तो हार्डपॉइंट (शस्त्र बसवायची जागा) बॅलिस्टिक, म्हणजे गोळे मारणाऱ्या तोफांचा आहे. लेझरच हवे असतील तर ४पी मॉडेल शोध, बाजारात दिसलं तर घे नाहीतर सॅल्व्हेजमध्ये (लढाईनंतरच्या लुटीत) पटकाव. लोक त्याला स्वेबॅक म्हणतात. आणि बघ काय सुंदर हिशेब आहे: एसी/२० चे १४ टन आणि दारूगोळ्याचे २ टन, झाले १६. ४पी मध्ये त्याच १६ टनांत सहा मीडियम लेझर आणि दहा हीट सिंक (हीट म्हणजे उष्णता उतरवणारे भाग, एक सिंक एक हीट उतरवतो) बसवलेत. म्हणजे एकूण आठ मीडियम लेझर, एक स्मॉल, आणि २३ हीट सिंक. सगळं एकदम मारलं तर हीट होते २५. ४जी ची सगळी मिळून १४, आणि हीट सिंक १३. दोन्हीकडे गणित जवळपास जुळलेलं आहे, ज्यानं कुणी हे कागदावर मांडलं त्याला अक्कल होती.

आता वॉरहॅमर ६आर घे. ७० टनाचं धूड, दोन पीपीसी (लांब पल्ल्याच्या ऊर्जा तोफा), दोन मीडियम आणि दोन स्मॉल लेझर, एसआरएम-६ (जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं), दोन मशीनगन. सगळं एकदम मारलं की हीट ३२, हीट सिंक १८. त्यामुळे हे मेक चालवायचं असेल तर लांबून पीपीसी, शत्रू जवळ आला की पीपीसी बंद आणि लेझर-एसआरएम, टँक-बिंक असले तर मशीनगन, असं वेगवेगळ्या ग्रुपवर, म्हणजे वेगवेगळ्या बटणांवर, वाटून घ्यावं लागतं. हे कुणालाही समजतं. दाजी सोडून.

दाजी नाशिकला, मी पुण्यात, शनिवारी रात्री को-ऑप, म्हणजे ऑनलाइन एकाच बाजूनं मिळून खेळणं. को-ऑपमध्ये होस्टचे मेक, होस्टचे पैसे, होस्टचं रिपेअर बिल, हे माहीत असेलच. होस्ट मी. म्हणजे दाजींनी हात तोडून आणला की सी-बिल (गेममधले पैसे) माझे जाणार, आणि हातात बसवलेली शस्त्रंही गेली तर तीही माझीच. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण जावई माणूस, बोलणार काय? त्यांचं ठाम मत असं की हीट सिंक म्हणजे वाया गेलेलं वजन. "मेव्हणे, हीट सिंकनं कधी कुणाला मारलंय का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. त्यांच्या हट्टापायी वॉरहॅमरचे चार हीट सिंक काढून एसआरएमचा जास्तीचा दारूगोळा भरून दिला आणि वर त्यांनी पीपीसीपासून मशीनगनपर्यंत सगळी शस्त्रं एकाच बटणावर घेतली.

मिशन होतं बेस वाचवायचं, ग्रह तापलेला, ब्रीफिंगमध्ये तापमान स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, दाजी, इथे हीट उतरत नाही, जरा दमानं घ्या. "बघा तुम्ही." आली पहिली लाट, एक हलका टँक आणि दोन हेलिकॉप्टर. दाजींनी टँकवर सगळं एकदम सोडलं. टँक गेला, जाणारच, त्याला मशीनगनही पुरली असती. लगेच हेलिकॉप्टरवर परत सगळं. हेलिकॉप्टर निसटलं. हीटचा पट्टा लाल, मेकच्या कॉम्प्युटरमधली ती बाई कानात ओरडतेय हीट क्रिटिकल म्हणून, आणि दाजींनी तिसऱ्यांदा बटण दाबलं. मेक बंद. भर मैदानात, बेसच्या फाटकासमोर, आडोसा नाही काही नाही, ७० टनाचं धूड ढिम्म उभं. आणि तेव्हाच टेकडीमागून शत्रूचं सेंच्युरियन आणि त्याच्या मागे आणखी दोन. माइकवर मागून ताईचा आवाज, "तुमचं परत झोपलं का हो?" दाजी गप.

मी स्वेबॅकमध्ये. सेंच्युरियनच्या उजव्या हातात एसी/१० असते, मी डावीकडून जवळ गेलो आणि उजव्या हातावरच चार-चार लेझर धरले, आधी उजव्या ग्रुपचे, ते भरेपर्यंत डाव्या ग्रुपचे. लेझरचं असंच असतं, नुसतं मारून होत नाही, किरण एका जागी धरून ठेवावा लागतो, हात हलला की सगळं नुकसान अंगभर पसरतं. हात तुटला, तोफ गेली, सेंच्युरियन निम्मं झालं. तोवर दाजींचं मेक जागं झालं आणि जागं झाल्या झाल्या त्यांनी काय केलं असेल? बरोबर. बेस वाचला, पण वॉरहॅमरचा डावा हात पीपीसीसकट गेला आणि बिल बघून मला घाम फुटला. पुढे एका लग्नात जेवणाच्या पंगतीत दाजी सगळ्यांना सांगत होते की मेव्हणे बॅटरी घेऊन फिरतात, खरी लढाई आम्ही केली.

तर मुद्दा हा की शस्त्र हे शेवटी निवडायचं. आधी चिलखत, समोरचं जवळपास पूर्ण, मागचं थोडं कमी केलं तरी चालतं. मग हीट सिंक, मग उरलेल्या वजनात तोफा. आणि तोफा एकाच पल्ल्याच्या. पीपीसी ९० मीटरच्या आत बोंबलते, एलआरएम (लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं) जवळच्यावर उपयोगाची नाही, मग त्यांच्याबरोबर मीडियम लेझर राखीव म्हणून ठीक, पण थोडं हे थोडं ते असं करून प्रत्येक क्षणी अर्धं मेक बेकार ठेवण्यात काय अर्थ आहे? जे लोक व्हिडिओ बघून कुणाचं तरी लोडआउट जसंच्या तसं उचलतात त्यांना एक विचारायचंय, त्या माणसाचे डबल हीट सिंक आणि टियर ५ ची (सगळ्यात वरच्या दर्जाची) शस्त्रं तुझ्याकडे आहेत का? नाहीत ना. मग?

हां, वरचे हीटचे आकडे मूळ बॅटलटेक बोर्डगेमचे आहेत, गेममध्ये वजनं तीच असली तरी हीट सेकंदाच्या हिशेबानं चढते-उतरते, त्यामुळे अगदी तंतोतंत धरू नकोस. आणि एसी/२० वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. लेझरनं जे किरण धरून करावं लागतं ते ती एका फटक्यात एका जागी करते, हलक्या मेकचा पाय तर उडतोच. फक्त बर्स्ट फायर वाली (एका दमात अनेक गोळे सोडणारी) घेऊ नकोस, तिचे गोळे इकडेतिकडे लागतात.

तुझ्या ४जी वर ती राहू दे. स्मॉल लेझर काढ, अर्धा टन चिलखतात टाक. गोळा मारला की लगेच कंबर उजवीकडे वळव म्हणजे मार डाव्या हातावर येईल, कारण तो उजवा खांदा गेला की तोफही गेली आणि त्याच्याबरोबर उजवा हातही. एसी/२० आणि मीडियम लेझर एकाच बटणावर ठेवू नकोस, गोळे मोजके असतात, टँकवर उधळायचे नाहीत. एआय साथीदारांना मात्र ४जी देऊ नकोस, ते गोळे कशावरही उडवतात, त्यांना लेझरवालं काहीतरी दे आणि हीट सिंक सढळ हातानं भर.