वेबपेजला पाठ असते का?

प्रश्न असा आलाय : ‘डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ (wkhtmltopdf) हे साधन वापरून कमांड लाइनवरून एका लांबलचक वेबपृष्ठाची पीडीएफ केली. ती 14 पृष्ठांची झाली. मदतपुस्तिकेत “एका पृष्ठाची 14 पृष्ठे होतात” असं लिहायचं का? की वेबपान म्हटलं तर चालेल?’

चालेल. धावेलसुद्धा. वेबपृष्ठ मात्र माझ्यासमोर म्हणू नका.

झाडाचं पान, विड्याचं पान, जेवणाचं पान, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पर्ण-पण्ण-पान ही साखळीही. खरी गंमत पृष्ठात. पृष्ठ म्हणजे पाठ! धपाटा बसतो तीच. पोथीच्या सुट्या पानाला दोन अंगं, पण आकडा पानाला, अंगाला नाही. म्हणून अभ्यासक हस्तलिखिताचा हवाला ‘12 अ’, ‘12 ब’ असा देतात. आपल्या घरांतही ही समज होतीच. एक बाजू मोकळी असेल तो पाठकोरा कागद, त्याच्यावर आम्ही गणितं सोडवली. दोन्हीकडून लिहिलेला तो पाठपोट. आणि पुठ्ठा? माझ्या मते तोही पृष्ठाचाच नातू. घोड्याचा पुठ्ठा आणि वहीचा पुठ्ठा एकाच घरातले. माझा एक संस्कृतज्ञ मित्र हे मानत नाही. त्यानं घोडा आणि वही, दोन्ही एकदा मागून पाहावीत.

आता ‘मुखपृष्ठ’ बघा. तोंड आणि पाठ एकाच शब्दात! म्हणजे तोंडपाठच की. (तोंडपाठमधला पाठ पठ् धातूचा, निराळा. माहीत आहे, पत्रं पाठवू नका.) पुस्तकाला मलपृष्ठ तरी असतं. मराठी विकिपीडियाच्या मुखपृष्ठामागे काय आहे, ते कुणी उलटून दाखवावं.

परिभाषा घडवणाऱ्या मंडळींनी पेज दिसताच पृष्ठ लिहिलं आणि हात झटकले. वेबपेजला पाठच नाही. ते जुन्या मोडी कागदासारखं आहे : बंदाखाली बंद (म्हणजे कागदाचे तुकडे) डकवत जायचे, सांधे जोडायचे, गुंडाळी करायची. पानालाही पाठ असतेच, असा आक्षेप येईल. असते, पण पान हा शब्द ती बोलून दाखवत नाही.

कात्री चालते ती छापायच्या वेळी. पीडीएफ करणारं हे साधन, वेगळं काही सांगितलं नाही तर, ए-फोर कागद धरतं आणि 297 मिलिमीटर उंचीच्या हिशेबानं गुंडाळी कापतं, समासाची जागा सोडून. मग तक्त्याची ओळ मधोमध चिरली गेली म्हणून लोक रडतात. त्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, खास नियम आहेत. तळाशी आकडा घालायला सांगितलंत, तर मोजली जातात ती अंगं, म्हणजे खरोखरची पृष्ठं. इथे तो शब्द शोभतो.

तेव्हा लिहा : ‘एका वेबपानाची 14 पृष्ठे, पाठपोट छापल्यास 7 पाने.’ आणि नवं काम असेल तर साधन बदला. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफच्या मूळ प्रकल्पाचं भांडार (कोडचा साठा) 2023 मध्येच कुलूपबंद झालंय, म्हणजे आता फक्त वाचण्यापुरतं उरलंय. क्रोम हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवूनही पीडीएफ निघते. फक्त कागद ए-फोर आहे की अमेरिकी लेटर, ते आधी बघा. लेटर 279 मिलिमीटरचा, मग तुमची 14 ही 14 राहतीलच असं नाही.