मडगावच्या विक्रीतली रॅले घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावात जुन्या सायकलींची विक्री लागतेय, तिथली हिरवी चकचकीत रॅले फोटोत पाहून तुम्हाला आवडलीय आणि विकणारा ती ‘पोर्तुगीज काळातली’ म्हणून सांगतोय. शेजारी एक गंज धरलेली हंबर आहे, गिअर लागत नाही म्हणून निम्म्या भावात. माझं म्हणाल तर आधी हंबरपाशी जा. रॅलेचा नवा रंग बघून मला तरी आनंद होत नाही, शंका येते.

‘पोर्तुगीज काळातली’ हे आपल्याकडे थापच असतं असं नाही. १९५०च्या दशकात भारतात परदेशी सायकलींच्या आयातीवर बंधनं आली. आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिसचा कारखाना उभा राहिला आणि बाकीचा देश देशी सायकलींवर आला. गोव्यात १९ डिसेंबर १९६१पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, परदेशी माल थेट येत राहिला. त्यामुळे सासष्टी-बार्देशातल्या जुन्या घरातून अस्सल इंग्लिश सायकल निघू शकते. पण विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजू नका. सोबत एक फडकं आणि थोडं रॉकेल न्या आणि तीन गिअरची सायकल असेल तर मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, पुसा. स्टर्मी-आर्चर या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या हबवर ‘एडब्ल्यू’ या अक्षरांजवळ बारीक आकडे ठोकलेले असतात, वर्ष आणि महिना. ५८ आणि ४ दिसलं तर हब एप्रिल १९५८चा. ६४ दिसलं तर एकतर सायकल मुक्तीनंतरची किंवा चाक बदललेलं. दोन्हीपैकी काय ते त्यालाच विचारा. अर्थात आकडा हबचा आहे, फ्रेमचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

नाव खरं की नंतर चिकटवलेलं, हे पुढच्या चेनव्हीलवरून, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चाकावरून, कळतं. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कापलेली असतात, हंबरच्यात माणसांच्या आकृत्या, ‘रज’ या तिसऱ्या इंग्लिश कंपनीच्यात हाताचा पंजा. रॅलेने हंबर १९३२मध्ये घेतली, रज १९४३मध्ये, तरी ही चक्रं वेगळीच ठेवली. स्टिकर कुठेही छापून मिळतात. चेनव्हील बदलता येतं, पण रंगवून विकणारा सहसा तेवढी खटपट करत नाही. हंबरच्या काही मॉडेलांचा पुढचा चिमटा जोडनळ्यांचा असतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन. तिथल्या हंबरला तो असेल तर ती हातची जाऊ देऊ नका.

आता गिअर. ‘लागत नाही’ म्हणून टाकून दिलेले हे हब बहुतेक वेळा बिघडलेले नसतातच, केबल सैल झालेली असते. एक्सलमधून एक बारीक साखळी बाहेर येते ना, ती बघा. गिअर मधल्यावर टाका आणि त्या बाजूच्या नटाला जे भोक असतं त्यातून आत डोकवा. साखळीला जोडलेल्या दांडीची कड एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवी. मागेपुढे असेल तर साखळीवरची चाकी फिरवून ताण जुळवा. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे पायडल मोकळं फिरतं तेही याच कारणाने. हब वाळलेला असेल तर आत पातळ मशीन ऑइल सोडा. ग्रीस नको आणि खोबरेल तर मुळीच नको, ते थिजून चिकटतं. एवढं करून तिन्ही गिअर पडले, तर निम्म्या भावात तुम्हाला पूर्ण सायकल मिळाली.

फ्रेमवर मात्र वेळ घालवा. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज आतून चढतो. सीटच्या तोंडातून पाणी उतरतं आणि क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, कवचात साचतं. म्हणून सीटची दांडी हलते का बघा. जाम असेल तर ती काढताना फ्रेम जायची शक्यता धरा. सायकल उलटी करून क्रँकखालच्या नळ्यांवर नाण्याने टकटक करा. एका ठिकाणी आवाज बद्द आला आणि रंग फुगलेला असला तर नळी गेलीय. मग खालच्या तिरक्या नळीवर, पुढच्या मुंडीजवळ बोट फिरवा. तिथे आडवी सुरकुती लागली तर सायकल समोरून आदळलेली आहे. नव्या रंगाखाली हीच सुरकुती लपते, म्हणून त्या रॅलेला नखाने चाचपा, डोळ्यांवर विसंबू नका.

सुट्या भागांची काळजी करू नका. आपल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, काळी सायकल याच इंग्लिश साच्यावर बेतलेली आहे; २८ × १ १/२चे टायर, क्रँक घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना, छर्रे, ब्रेकच्या दांड्या सगळं म्हापशात, फोंड्यात मिळतं. फक्त टायरवरचा पूर्ण आकडा वाचा. युरोपातल्या काही सायकलींच्या टायरवर २८ × १ ५/८ × १ ३/८ असतं. तीही ‘अठ्ठावीस’च, पण तिचं रिम १३ मिलिमीटरने लहान, आपला टायर बसत नाही. रॅलेच्या क्रँकचे छर्रे ज्यात बसतात त्या कपांचे आटेही वेगळे, इंचाला २६. साधे कप २४चे. मूळ कप गुळगुळीत झाले असतील तर भाव तिथेच पाडून मागा.

ब्रूक्स कंपनीची चामड्याची सीट असेल तर रिव्हेटांपाशी बघा. बुरशी पुसली जाते, रिव्हेटातून फाटलेलं चामडं परत येत नाही.

आणि पावती. साध्या कागदावर चालेल, पण फ्रेम नंबर, तारीख, विकणाऱ्याची सही आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. चोरीची सायकल निघाली तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्याच्या नाही. नंबर खरवडलेला दिसला तर हंबर असो की रॅले, तिथून निघा.