विंडोज ११ चा नवा लॅपटॉप सेंटरचं कोणतंच सॉफ्टवेअर टाकू देत नाही. सगळी सिक्युरिटी बंद करून टाकू का?

आधी बंद करायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे एस मोड, विंडोजचा फक्त स्टोअरमधलं सॉफ्टवेअर चालू देणारा प्रकार. बाकीचं शक्यतो जिथल्या तिथं राहू द्या. तुमच्या साळ्यांनी सांगितलेलं सिक्युअर बूट बंद करायचं काम तर मुळीच करू नका. त्यात लॅपटॉपच उघडायचा बंद होऊ शकतो, ते कसं ते खाली लिहितो.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण थोडक्यात: दिग्रस तालुक्यातल्या गावात ऑनलाइन फॉर्मचं सेंटर, जोडीला कृषी केंद्र. नव्या लॅपटॉपवर थम्बचं मशीन (आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं) चालत नाही, डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं असतं ते) उघडत नाही, आणि कृषी केंद्राचा जुना बिलाचा डॉस प्रोग्राम सुरूच होत नाही. मी दारव्ह्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि माझी बरीच गिऱ्हाइकं सेंटरवालीच आहेत, म्हणून हे दुखणं ओळखीचं आहे. तुम्हाला वाटतं लॅपटॉप एकाच कारणानं अडवतोय. तसं नसतं. विंडोज ११ मध्ये अडवणाऱ्या चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणी अडवलं हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. आपण तो न वाचता बंद करतो.

आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथं 'विंडोज ११ होम इन एस मोड' असं दिसलं तर निम्मं काम झालं. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये शाळांच्या स्वस्त लॅपटॉपसाठी विंडोज १० एस काढलं, त्याचाच पुढे हा मोड झाला. यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलंच सॉफ्टवेअर चालतं, कमांड प्रॉम्प्टसुद्धा उघडत नाही. आपल्याकडं १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती ना, कापूस घालायचा तर सरकारी केंद्रावरच, तसा हा कारभार. थम्बच्या मशीनचा ड्रायव्हर आणि त्याची आरडी सर्व्हिस (ठसा सुरक्षितपणे आधारकडं पाठवणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरून उतरवावी लागते, म्हणजे एस मोडमध्ये ती बसणारच नाही. टोकनचंही तेच.

काढायचा असा: सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. तिथं 'स्विच टु विंडोज ११ होम' लिहिलेल्या भागात 'गो टु द स्टोअर' दाबा, स्टोअरच्या पानावर 'गेट' म्हणा. फुकट आहे, फॉरमॅट लागत नाही, फायली जागच्या जागी राहतात. तिथंच 'अपग्रेड युअर एडिशन ऑफ विंडोज' असाही एक भाग दिसेल आणि त्यातही स्टोअरचीच लिंक असते. तिच्यावर जाऊ नका, ती पैसे भरून प्रो घ्यायची वाट आहे. एस मोड एकदा काढला की परत लावता येत नाही. तुमच्या धंद्याला तो लागणारही नाही. गावात ह्या एवढ्याशा कामाचे कोणी पाचशे मागितले तर देऊ नका. (माझ्या दुकानात आले तरी देऊ नका.)

आता सिक्युअर बूट. लॅपटॉप सुरू होताना विंडोज उठायच्या आधी जो छोटा प्रोग्राम चालतो, त्याची सही खरी आहे का एवढंच ते तपासतं. विंडोज उघडल्यावर तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर टाकता याच्याशी त्याचा संबंध नाही, म्हणजे ते बंद करून थम्बचं मशीन चालू होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट धोका असा आहे की आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पहिलं लॉगिन केलं की ते सुरू होतं, कोणी विचारत नाही. त्या डिस्कची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये ठेवलेली असते, आणि सिक्युअर बूट बदलल्याचं दिसलं की चिप ती द्यायला नकार देऊ शकते. मग निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. सिक्युअर बूट परत चालू करूनही तो पडदा गेला नाही आणि ती की नसेल, तर डिस्कवरच्या फायली गेल्या. कोणताही दुकानदार त्या काढून देऊ शकत नाही, मीही नाही.

आणि ती की असते कुठं? ज्या अकाउंटनं पहिलं लॉगिन झालं, त्या अकाउंटमध्ये. नागपूर-अमरावतीच्या दुकानातून लॅपटॉप घेतला की तिथलाच पोरगा सेटअप करून हातात देतो, आणि कितीतरी वेळा स्वतःच्या नाही तर दुकानाच्या ईमेलनं. होम एडिशनचा सेटअप मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतोच, गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नाही, मागं चार जण उभे असतात, मग तो तरी काय करील. पण त्यामुळं तुमच्या डिस्कची किल्ली शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या एका पोराच्या मेलमध्ये राहते, आणि तो पोरगा पुढच्या दिवाळीला त्या दुकानात असेलच असं नाही. म्हणून आजच सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून ईमेल कोणाचा आहे ते बघा. तुमचाच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की उघडा, प्रिंट काढा आणि जमिनीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्याचा असेल तर तुमच्या ईमेलनं नवं ॲडमिन अकाउंट तयार करा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करा, एन्क्रिप्शन पूर्ण उतरू द्या, आणि तुमच्या लॉगिननं परत चालू करा. नवी की तुमच्या अकाउंटला जमा होते. हे चार्जर लावून, लाइन जायची वेळ नसताना करा.

एस मोड गेल्यावर ड्रायव्हर टाकताना निळ्या चौकटीत 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' येईल. हे स्मार्टस्क्रीन. नेटवरून उतरवलेली अनोळखी फाइल दिसली की ते विचारतं. फाइल मशीनच्या कंपनीच्याच साइटवरून घेतली असेल तर 'मोअर इन्फो' दाबा, मग 'रन एनीवे'. व्हॉट्सॲपच्या सेंटरवाल्या ग्रुपवर कोणी टाकलेली झिप फाइल असेल तर तिथंच थांबा. स्मार्ट ॲप कंट्रोल हे आणखी कडक प्रकरण, त्यात एखाद्या सॉफ्टवेअरला सूट द्यायची सोय नाही. कामाचं, खात्रीचं सॉफ्टवेअर त्यानंच अडवलं तर ते बंद करायला माझी हरकत नाही, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, चालूच राहतो. फक्त परत चालू करायला कित्येक मशीनवर विंडोज नव्यानं टाकावी लागते, हे माहीत असू द्या.

टोकन जुनं असेल तर अजून एक अडथळा येऊ शकतो, 'मेमरी इंटिग्रिटी', म्हणजे विंडोजच्या गाभ्यात धोक्याचा ड्रायव्हर घुसू न देणारं कुलूप. विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी', 'कोअर आयसोलेशन' इथं तो असतो, आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरचं नावसुद्धा तिथं दिसतं. त्या नावानं कंपनीकडून नवा ड्रायव्हर मागा. टोकनसोबत आलेल्या सीडीतला तर टाकूच नका.

डिफेंडर बंद करायचा सल्ला कुठून येतो ते सांगतो. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस लायसन्सशिवाय फुकटात चालवायला जो ॲक्टिव्हेटर टाकतात, त्याला डिफेंडर पकडतो. म्हणून आधी डिफेंडर मारायचा, मग ॲक्टिव्हेटर चालवायचा, आणि मग आयुष्यभर तो तसाच मेलेला. तुमच्या टेबलावर दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह येतात, कोणाचा शॉर्टकट व्हायरसवाला, कोणाचा त्याहून वाईट. त्याच लॅपटॉपवर गावातल्या निम्म्या लोकांचे आधार, पासबुक, सातबारा पडलेले असतात, आणि अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी तुमच्या आयडीवरून होते. काही झालं तर पहिला फोन तुम्हालाच येईल. त्यापेक्षा साधं ऑफिस लागत असेल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे, मराठीतही आहे. डिफेंडरनं कामाची फाइल उचललीच तर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जाऊन तेवढीच सोडवा.

जमलं तर सेंटरवर बसणाऱ्या पोराला वेगळं स्टँडर्ड अकाउंट द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याजवळ ठेवा.

राहिला बिलाचा प्रोग्राम. त्याला सिक्युरिटीनं अडवलेलंच नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवायची सोयच नाही. काहीही बंद करा, तो उठणार नाही. डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून तो उघडता येतो, पण डॉसबॉक्स मुळात जुन्या गेमसाठी बनवलेला आहे, प्रिंट काढायला फार त्रास देतो. जुना विंडोज १० चा पीसी अजून चालत असेल आणि त्याच्यावर हा प्रोग्राम उघडत असेल, तर बिलं तिथंच ठेवा आणि त्याचं नेट काढून टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला आहे, त्या पीसीवरून बँकेचं किंवा फॉर्मचं काम करू नका. खरिपाची गर्दी ओसरली की मालाचा साठा आणि उधारी नव्या बिलिंगमध्ये उतरवून घ्या, उधारीची वही आधी.