टायगरला वाचवणाऱ्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही देवगड तालुक्यातले. आमच्या टायगरला (गावठी कुत्राच आहे पण आमचा जीव की प्राण) रात्री लाकडांच्या ढिगाजवळ फुरसं (विषारी साप) चावलं. पाय सुजला, जखमेतनं रक्त थांबेना. इथल्या डॉक्टरांना फोन केला तर आम्ही रिक्षातनं पोचेपर्यंत दवाखाना उघडून सगळी तयारी करून बसलेले. त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं, २० मिनिटांनी नळी तिरकी केली तर पाण्यासारखं पातळच. लगेच लस सुरू केली आणि रात्रभर त्याच्याजवळ स्टूल टाकून बसले, पहाटे परत नळी भरली, रक्त गोठलेलं बघितलं तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला. आता फीच्या वर एक रुपया घेत नाहीत, काय करू?

उत्तर: ताई, पत्र वाचून खूप बरं वाटलं. तुमच्या डॉक्टरांनी सगळं अगदी जिथल्या तिथे केलंय. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचंच थांबतं, त्यावर इलाज फक्त अँटीव्हेनम, म्हणजे तुम्ही लिहिलेली ती विषावरची लस, आणि ते माणसांचंच कुत्र्यांना देतात, घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं. कुत्रा लहान म्हणून डोस कमी असं इथे नसतं, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं, त्यामुळे खर्च होतो. शिवाय लसीचीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते उठून गेले नाहीत, ती रात्रभरची बैठक मला सगळ्यात मोठी वाटते.

पैसे नको म्हणतात तर आग्रह करू नका. टायगरला घेऊन जा आणि दाखवा, आमच्याकडे वाचलेली जनावरं परत सहसा दिसत नाहीत हो, लोक आजारपणातच येतात. मदतनीस असेल तर त्यालाही नावाने थँक्यू म्हणा. आणि विचारून बघा, एखाद्या गरिबाच्या कुत्र्यासाठी अँटीव्हेनमच्या एखाद-दोन बाटल्यांचे पैसे तुमच्याकडून ठेवतील का, याला बहुतेक डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. वाडीतही सांगा की साप चावला तर दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून थेट दवाखान्यात, निघतानाच फोन करून. तुम्ही फोन केलात म्हणून तयारी झाली, हे विसरू नका.

टायगरच्या किडनीची रक्ततपासणी मात्र एकदा करून घ्या. लघवी लालसर दिसली किंवा खाणं सुटलं तर लगेच त्यांनाच फोन करा, परत त्रास कसा द्यायचा म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.